केअर्नगॉर्म्स उद्यान मंडळाची निवडणूक: एकोणीसपैकी पाच जागांनी नेमके काय साधते?

स्कॉटलंडमधील केअर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाने तीन प्रश्न विचारले आहेत. उद्यानाच्या मंडळावर स्थानिक रहिवाशांनी थेट निवडून दिलेले फक्त पाच सदस्य असतात आणि उरलेले चौदा नेमलेले असतात, तर अशा निवडणुकीत मत देण्याला काही अर्थ आहे का, हा पहिला प्रश्न. आम्ही भारतीय नागरिक आहोत, तेव्हा आम्हाला मतदानाचा हक्क आहे का, हा दुसरा. आणि गावातील काही शेजारी घरातील एका व्यक्तीला उमेदवारी करण्याचा आग्रह करीत आहेत, तर ती करावी का, हा तिसरा. संरक्षित क्षेत्रांचा कारभार आणि त्यातील लोकसहभाग हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

आधी थोडक्यात सांगायचे तर मत अवश्य द्यावे. मात्र पाच जणांनी मिळून मंडळाचा निर्णय फिरवावा या अपेक्षेने ते देऊ नये. या पाच जागांचे वजन अंतिम मतदानापेक्षा त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे आराखडे आणि प्रस्ताव कागदावर उतरत असतानाच्या काळात पडते. उमेदवार निवडताना आणि स्वतः उभे राहताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते.

हे उद्यान म्हणजे कुंपण घातलेले सरकारी जंगल नव्हे. ४,५२८ चौरस किलोमीटरच्या या हद्दीत सुमारे अठरा हजार लोक राहतात आणि वर्षाकाठी सुमारे वीस लाख पर्यटक येऊन जातात. गावे, शेते, मेंढपाळी, मद्यनिर्मितीचे कारखाने, बर्फावरील खेळांची केंद्रे आणि शिकारीसाठी राखलेले विस्तीर्ण माळ हे सारे त्यात सामावलेले आहे, आणि बहुतेक जमीन खासगी मालकीची आहे. उद्यानाचे प्राधिकरण या जमिनीचे मालक नाही. म्हणूनच त्याचा अधिकार हुकमापेक्षा नियोजन, बांधकाम परवानग्या, अनुदान, वाटाघाटी आणि मन वळवणे यांच्या मार्गाने चालतो. ज्या कारभारात मन वळवण्याला एवढे महत्त्व आहे, तेथे स्थानिकांचा विश्वास ही केवळ शोभेची गोष्ट राहत नाही. थेट निवडणुकीची तरतूद कायद्यात आली त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

तो कायदा म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेने २००० साली केलेला राष्ट्रीय उद्याने कायदा. त्यानुसार प्रत्येक उद्यानाच्या मंडळातील किमान एक पंचमांश सदस्य थेट निवडून आलेले असावे लागतात. केअर्नगॉर्म्सचे प्राधिकरण २००३ साली सुरू झाले तेव्हा मंडळ पंचवीस जणांचे होते, त्यांपैकी दहा स्थानिक परिषदांनी, म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्थांनी, सुचवलेले, दहा मंत्र्यांनी नेमलेले आणि पाच निवडून आलेले. पुढे मंडळ अवाढव्य झाल्याच्या तक्रारींमुळे ते एकोणीस जणांचे करण्यात आले. कपात परिषदांच्या आणि मंत्र्यांच्या जागांत झाली आणि दोन्ही गट सात-सातवर आले, मात्र निवडून येणाऱ्यांच्या जागा पाचच राहिल्या. म्हणजे एकही जागा न वाढता त्यांचा वाटा वीस टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांवर गेला. लॉख लोमंड आणि ट्रॉसॅक्स या स्कॉटलंडच्या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानात सतरा जणांचे मंडळ आहे आणि तेथेही थेट निवडलेले पाचच आहेत.

परिषदांच्या सात जागा पाच परिषदांत वाटलेल्या आहेत. हायलंड आणि अॅबर्डीनशायर यांना प्रत्येकी दोन, तर मोरे, अँगस आणि पर्थ व किनरॉस यांना प्रत्येकी एक. परिषदा नावे सुचवतात आणि नेमणूक मंत्री करतात. हे सातही जण सहसा लोकांनी निवडून दिलेले नगरसेवकच असतात हे खरे, पण त्यांच्या परिषदेचा मोठा भाग उद्यानाच्या बाहेर असतो. त्यामुळे त्यांच्यापैकी एखाद्याला निवडून देणारे मतदार उद्यानाच्या नियमांखाली राहत असतीलच असे नाही. ज्यांचे सारे मतदार उद्यानाच्या हद्दीतच राहतात असे सदस्य पाचच. आकड्याने ते अल्पमतात असले तरी मंडळात त्यांच्या शब्दाला निराळे वजन येते ते यामुळे.

मतदानाची पद्धत सोपी आहे. उद्यान पाच प्रभागांत विभागलेले आहे, प्रत्येक प्रभागातून एक सदस्य निवडला जातो आणि ज्याला सर्वाधिक मते पडतात तो विजयी होतो. स्कॉटलंडमधील परिषदांच्या निवडणुकांत २००७ पासून पसंतीक्रमाची पद्धत वापरतात, ती येथे लागू नाही, त्यामुळे आकडे घालण्याच्या सवयीने मतपत्रिका बाद होऊ देऊ नये. मतदान पूर्णपणे टपालाने होते. डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या प्रदेशात, तेही वसंताच्या तोंडाशी, मतदान केंद्रे उभारण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे. मतपत्रिका शेवटच्या मुदतीपर्यंत निवडणूक अधिकाऱ्यांच्या हाती पोहोचावी लागते, त्या दिवशी पेटीत टाकून भागत नाही.

आता तुमच्या नागरिकत्वाचा प्रश्न. या निवडणुकीची मतदार यादी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांच्या यादीवर आधारलेली आहे. राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांना, म्हणजे भारतीयांनाही, तेथे वैध वास्तव्य असल्यास हा हक्क पूर्वीपासूनच आहे. २०२० च्या कायद्याने तो स्कॉटलंडमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या इतर देशांच्या नागरिकांनाही दिला. मतदानाचे वय सोळा वर्षे आहे, त्यामुळे घरात त्या वयाची मुले असल्यास त्यांचीही नोंदणी करून घ्यावी. नोंदणी उद्यानाच्या हद्दीतील पत्त्यावर असली पाहिजे. येथे सुट्टीपुरते घर आहे एवढ्यानेच कोणी मतदार होत नाही, तेथे वास्तव्य असल्याचे दाखवावे लागते. सुट्टीच्या घरांचा प्रश्न या भागात किती टोकदार आहे हे पाहता हा भेद लहानसा नाही.

आता मुख्य शंकेकडे वळतो. पाच विरुद्ध चौदा ही आकडेमोड मंडळाच्या प्रत्यक्ष कामकाजाला फारशी लागू पडत नाही, कारण तेथे निवडून आलेले एका बाजूला आणि नेमलेले दुसऱ्या बाजूला अशी फळी सहसा उभी राहत नाही. मंत्र्यांनी नेमलेल्या सदस्यांतही स्थानिक रहिवासी असतात, आणि निवडून आलेल्यांतही एकाला हरणांची संख्या वेगाने घटवावीशी वाटते तर दुसऱ्याला त्यात शिकारीच्या इस्टेटींवरील रोजगाराची चिंता दिसते. मंडळाचे अध्यक्ष सदस्यच आपल्यातून निवडतात आणि त्या पदाचा मार्ग निवडून आलेल्यांनाही मोकळा असतो. शिवाय अशा मंडळांत बहुतेक ठराव मतदानापर्यंत जातच नाहीत. प्रशासनाने आणलेल्या मसुद्यावर चर्चा होते, दोन-तीन सदस्य नेमक्या हरकती घेतात, मसुदा बदलून परत येतो आणि सर्वसंमतीने मंजूर होतो. या टप्प्यावर ज्याने कागद नीट वाचला आहे आणि ज्याला आपल्या प्रभागात या ठरावाने काय होईल हे ठाऊक आहे, त्या एका सदस्याचे म्हणणे पाच गप्प सदस्यांच्या मतांपेक्षा जड ठरते. मोठ्या आवाजात विरोध करून शेवटी हरणारे सदस्य मी पाहिले आहेत आणि एका परिच्छेदातील दोन ओळी बदलून घेऊन गावाचे पुढील पाच वर्षांचे चित्र पालटणारेही पाहिले आहेत. बातम्यांत पहिलेच जास्त दिसतात, हे वेगळे.

अर्थात निवडून आलेल्या सदस्याचे हात कायद्याने काही बाबतींत बांधलेले असतात आणि हे उमेदवार प्रचारात क्वचितच सांगतात. कायद्याने उद्यानाला चार उद्दिष्टे नेमून दिली आहेत. निसर्ग आणि सांस्कृतिक वारसा जपून वाढवणे, नैसर्गिक साधनसंपत्तीच्या शाश्वत वापराला चालना देणे, लोकांना या प्रदेशाची ओळख व आनंद मिळवून देणे, आणि येथील समाजाचा आर्थिक व सामाजिक विकास साधणे. ही चारही एकत्र साधायची आहेत, मात्र पहिल्याचा इतरांशी संघर्ष आला तर पहिल्याला अधिक महत्त्व द्यावे असे कायद्याच्या नवव्या कलमात म्हटले आहे. आपल्या प्रभागाने काहीही कौल दिला असला तरी सदस्याला हे बाजूला ठेवता येत नाही. शिवाय सार्वजनिक संस्थांच्या सदस्यांसाठीची आचारसंहिता त्याला लागू होते. हितसंबंध जाहीर करावे लागतात आणि निर्णय संपूर्ण उद्यानाच्या हिताच्या दृष्टीने घ्यावा लागतो. तो प्रभागाचा आवाज असतो, प्रभागाचा वकील नसतो.

हा फरक सर्वात जास्त बोचतो तो बांधकाम परवानग्यांच्या वेळी. केअर्नगॉर्म्समध्ये अर्ज आधी संबंधित परिषदेकडे जातात आणि उद्यानाच्या उद्दिष्टांच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटणारे अर्ज प्राधिकरण स्वतःकडे मागवून घेते. असा अर्ज समोर असताना सदस्याची भूमिका निर्णय देणाऱ्याची असते आणि त्याने मोकळ्या मनाने पुरावा ऐकणे अपेक्षित असते. समजा, एखादा उमेदवार अमुक वसाहत मी होऊ देणार नाही असे जाहीरपणे सांगून निवडून आला. त्या वसाहतीचा अर्ज येईल त्या दिवशी त्याने मत आधीच बनवले होते असा आक्षेप घेतला जाईल आणि बहुधा त्याला सभागृहाबाहेर बसावे लागेल. ज्या कारणासाठी लोकांनी त्याला निवडले, नेमक्या त्याच कारणाने त्याचे मत बाद होईल. म्हणून प्रचारपत्रकात एखाद्या विशिष्ट प्रकल्पाविषयी ठाम वचन दिसले तर माझ्या मते तो उमेदवाराच्या अनुभवाविषयीचा वाईट संकेत आहे, मग त्याचे वचन आपल्याला कितीही पटणारे असो.

प्रकल्पावरचा निर्णय मंडळाने एकमताने घेतला तरी तो शेवटचा ठरतोच असे नाही. लॉख लोमंडच्या काठी बॅलॉख येथील लोमंड बँक्स या पर्यटन प्रकल्पाला तेथील मंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये एकमताने नकार दिला. विरोधात लाखाहून अधिक हरकती आल्या होत्या. विकासकाने सरकारकडे अपील केले, मे २०२५ मध्ये अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने परवानगी देण्याचा मानस जाहीर केला आणि त्यानंतर मंत्र्यांनी ते प्रकरण आपल्या हाती घेतले. निवडून आलेले, नेमलेले, सारे एका बाजूला असतानाही असे घडू शकते. तेव्हा एकेका अर्जावरच्या लढाईसाठी हे पाच जण निवडणे म्हणजे त्यांची शक्ती जेथे सर्वात कमी आहे तेथे ती खर्च करणे होय.

ती शक्ती जेथे खरोखर उपयोगी पडते ती जागा म्हणजे आराखडे. त्यांतील एक स्थानिक विकास आराखडा आहे. केअर्नगॉर्म्सच्या २०२१ च्या आराखड्यात एव्हीमोर, बॅलाटर, ब्रेमार आणि ब्लेअर अॅथॉल येथे नव्या गृहप्रकल्पांतील ४५ टक्के घरे परवडणारी असावीत अशी अट आहे, तर स्कॉटलंडमध्ये सर्वसाधारण अपेक्षा २५ टक्क्यांची असते. स्थानिक तरुणांना आणि हॉटेलांत राबणाऱ्या कामगारांना घर मिळत नाही ही तक्रार वर्षानुवर्षे चावडीवर होत राहते, पण ती टक्केवारीच्या रूपाने आराखड्यात शिरली तरच परवानगी देणाऱ्याला ती बंधनकारक होते. दुसरा दस्तऐवज म्हणजे उद्यानाचा भागीदारी आराखडा. तो दर पाच वर्षांनी होतो, त्याला मंत्र्यांची मंजुरी लागते आणि जंगल किती वाढवायचे, हरणे किती राखायची, माळ जाळण्याच्या प्रथेचे काय करायचे, अशा गोष्टींची दिशा त्यात ठरते.

२०२२ ते २०२७ या काळाच्या भागीदारी आराखड्यात बीव्हर या ओढ्या-नद्यांवर बांध घालणाऱ्या प्राण्याला उद्यानात परत आणण्याचा विषय होता. डिसेंबर २०२३ मध्ये स्पे नदीच्या वरच्या खोऱ्यात पहिले बीव्हर सोडण्यात आले आणि त्यानंतर शेतकऱ्यांची नाराजी तीव्र झाली. आम्हाला कोणी विचारले नाही असे अनेकांना वाटले. नदीकाठच्या सपाट जमिनी पाण्याखाली जाण्याची त्यांची भीती मला अवाजवी वाटत नाही, आणि बीव्हर आणण्याचा निर्णयही मला चुकीचा वाटत नाही. पण दिशा ठरली होती ती आराखड्यात, आणि प्रत्यक्ष प्राणी दिसल्यावर ती बदलण्याची वेळ बरीचशी निघून गेली होती. तोवर उरला होता तो नुकसान कसे टाळायचे आणि मदत कोणाला मिळायची याचा तपशील.

येथे दिनदर्शिकेतील एका विसंगतीकडे लक्ष वेधतो, कारण तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. निवडणूक दर चार वर्षांनी होते: २००३, २००७, २०११, २०१५, २०१९, २०२३. भागीदारी आराखडे दर पाच वर्षांनी आले: २००७, २०१२, २०१७, २०२२. यामुळे प्रत्येक खेपेस निवडून आलेल्यांना आराखड्यापूर्वी मिळणारा अवधी वेगळा असतो. २०११ साली निवडून आलेल्यांपुढे वर्षभरातच आराखडा आला, २०१५ च्या सदस्यांना दोन वर्षे मिळाली आणि २०१९ च्या सदस्यांना तीन. मार्च २०२३ मध्ये मतदान झाले तेव्हा आराखडा मंजूर होऊन काही महिनेच लोटले होते, म्हणजे बीव्हर आणण्याच्या योजनेवर चिडून मत देणाऱ्यालाही ती दिशा नव्याने ठरवणारे मंडळ निवडता आले नाही. हाच क्रम चालू राहिला तर २०२७ मध्ये निवडणूक आणि आराखड्याची पालट एकाच वर्षी येईल आणि नवे सदस्य बहुतांशी आधीच्यांनी लिहिलेला दस्तऐवज हाती घेतील. माझ्या मते निवडणूक आराखड्याच्या दीड-दोन वर्षे आधी होईल असा मेळ कायद्याने घालून द्यावा. जागांची संख्या पाचावरून सात करण्यापेक्षा या एका बदलाने मतदाराच्या हाती अधिक काही पडेल, असे मला वाटते.

निवडणुकीची पद्धतच नको असे म्हणणारेही आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या मंडळांवर थेट निवडणूक नाही, तेथे परिषदांचे व सरकारने नेमलेले सदस्य असतात, आणि इंग्लंडमध्ये ग्राम परिषदांचेही. इंग्लंडमध्ये थेट निवडणुकीचा विचार झाला, २०१४ साली विधेयकाचा मसुदाही निघाला, पण तो पुढे गेला नाही. २०१९ साली तेथील संरक्षित भूप्रदेशांचा आढावा घेणाऱ्या ग्लोव्हर समितीने तर उलट दिशेने जात, नऊ ते बारा जणांची आटोपशीर आणि जाणकारांची मंडळे सुचवली. छोटे मंडळ वेगाने काम करते, हे नाकारता येत नाही. पण स्कॉटलंडमधील गॅलोवे येथे तिसरे राष्ट्रीय उद्यान करण्याच्या प्रस्तावाचे काय झाले तेही पाहावे. सल्लामसलतीत ५४ टक्के उत्तरे विरोधात आल्यावर मे २०२५ मध्ये सरकारने तो मागे घेतला. तेथील विरोधाची कारणे अनेक होती, पण आपल्यावर आणखी एक दूरची सत्ता येणार ही भावना त्यात ठळकपणे ऐकू येत होती. जाणकार मंडळापाशी या भावनेला देण्यासारखे उत्तर नसते.

मत देताना मी काय पाहीन ते सांगतो. येथील बहुतेक उमेदवार पक्षाच्या नव्हे, स्वतःच्या नावावर उभे राहतात, त्यामुळे चिन्ह पाहून ठरवण्याची सोय नाही. शाळा, रस्ते, कचरा आणि स्थानिक कर ही कामे परिषदांची आहेत. पर्यटकांना अल्पकाळासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवरील नियंत्रणाचे क्षेत्र बॅडनॉख आणि स्ट्रॅथस्पे भागात मार्च २०२४ पासून लागू झाले, तेही हायलंड परिषदेने केले. उमेदवार याच गोष्टींची वचने देत असेल तर त्याने मंडळाचे काम समजून घेतलेले नाही. उलट पुढच्या आराखड्यात मला अमुक तरतूद हवी आहे आणि ती न मिळाल्यास तिच्या जवळची तमुक चालेल, असे जो सांगू शकतो त्याला मी मत देईन, त्याची बाजू माझ्यापेक्षा काहीशी वेगळी असली तरीही.

उमेदवारीबाबत माझा सल्ला असा की शेजाऱ्यांचा आग्रह हे चांगले लक्षण आहे, पण ते पुरेसे नाही. कामाला मानधन मिळते, मात्र ते उपजीविकेचे साधन समजू नये. बैठकांच्या दिवसांपेक्षा त्याआधीच्या वाचनाला जास्त वेळ लागतो, आणि उद्यान एवढे पसरलेले आहे की प्रवासातच दिवस जातो. इंग्रजी कायदेशीर मसुदे न कंटाळता वाचण्याची तयारी असेल, हॉटेलमालक, मेंढपाळ, इस्टेटीचे व्यवस्थापक आणि पक्षीनिरीक्षक या चौघांशीही बोलता येत असेल, आणि आपल्याच मतदाराला ‘हे मंडळाच्या हातात नाही’ असे तोंडावर सांगण्याची हिंमत असेल, तर जरूर उभे राहावे. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचा, विशेषतः पर्यटन आणि आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांचा, अनुभव अशा मंडळांत कमी पोहोचतो, ही माझी जुनी तक्रार आहे. तुम्ही किंवा कुटुंबातील कोणी एखाद्या इस्टेटीत, बांधकाम व्यवसायात किंवा प्राधिकरणाकडून अनुदान घेणाऱ्या संस्थेत नोकरी करीत असाल, तर किती विषयांवर बाहेर बसावे लागेल याचा हिशेब आधीच करावा.

निर्णय घेण्यापूर्वी मंडळाच्या एक-दोन बैठकांना जाऊन बसावे. त्या लोकांना खुल्या असतात आणि विषयपत्रिकेसोबतचे कागद आधी प्रसिद्ध होतात. ते कागद वाचून जावे आणि कोणत्या सदस्याच्या प्रश्नानंतर मसुद्यात दुरुस्ती होते ते टिपून ठेवावे. नामनिर्देशनाच्या अटी आणि तारखा निवडणूक अधिकाऱ्यांच्या सूचनेत येतात. केअर्नगॉर्म्ससाठी हे काम हायलंड परिषदेकडे असते, तुमचे गाव अॅबर्डीनशायरमध्ये असले तरीही. मतदार नोंदणी मात्र तुमच्या स्वतःच्या भागातील नोंदणी अधिकाऱ्याकडे करावयाची असते, आणि अलीकडे घर बदलले असेल तर ती नव्या पत्त्यावर झाली आहे की नाही हे आताच तपासून घ्यावे.